सगळी बदकं सारखीच का? ३ ते ६ वर्षांच्या पोरांसोबत चित्र, माती, गाणं, नाटक कसं करायचं

कुठल्याही प्लेग्रुपची भिंत बघा, पिवळ्या कार्डशीटची २५ बदकं लावलेली असतात, सगळ्यांची चोच डावीकडे, सगळ्यांना एकच डोळा, पोटावर कापूस आणि खाली २५ नावं. आता ही बदकं केली कोणी? ताईने आदल्या रात्री घरी बसून कापली, डोळे तिनेच काढले, आणि मुलांनी डिंकाच्या ठिपक्यावर कापूस दाबला. म्हणजे सगळा स्वयंपाक आईने करायचा आणि पोराने वरून कोथिंबीर भुरभुरायची. कापूस चिकटवणं वाईट असं अजिबात नाही, बोटांना वळण लागतं, सांगितलेलं ऐकायची सवय होते, फक्त त्याला 'क्रिएटिव्हिटी' म्हणून वेगळी फी घेऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

मी बालवाडीत शिकवते, पुण्यात कोथरूडच्या बाजूला. पालक सारखं विचारतात की घरी काय करू, कुठला क्लास लावू, युट्युबवर बघून काय काय करून घेऊ. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय, पालकांसाठी आणि बालवाडीत नव्याने लागलेल्या तायांसाठी पण. मुद्दा तसा एकच आहे. सामान द्या, जागा द्या, भरपूर वेळ द्या आणि मग आपला हात आणि तोंड आवरा. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, पुण्यात तर जास्तच.

आधी वयाचं बघू

दीड-दोन वर्षांचं पोर खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवतं. ते चित्र काढत नाहीये, हात फिरवला की कागदावर काहीतरी उमटतं हे त्याला कळलंय आणि त्याचीच त्याला मजा वाटतेय. मग साधारण २ च्या आसपास उभी रेघ येते, ३ च्या आसपास गोल, ४ ला अधिकचं चिन्ह, ५ च्या आसपास चौकोन-त्रिकोण जमायला लागतात. दोनचार महिने इकडेतिकडे होतातच, त्यावरून शेजारच्या पोराशी तुलना करत बसू नका. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे कलाशिक्षक होते, ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले, त्यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात साधारण २ ते ४ हे गिरगोट्यांचं वय आणि ४ ते ७ हे माणूस, घर, झाड असं ओळखू येणारं काहीतरी यायला लागण्याचं वय. आज इतक्या वर्षांनी पण वर्गात तेच दिसतं.

साडेतीन-चारची मुलं माणूस काढतात तो म्हणजे एक मोठा गोल, त्यात डोळे-तोंड आणि गोलालाच खाली दोन पाय. पोट नाही, मान नाही. आया घाबरतात. काही घाबरायचं कारण नाही, जगभरातली मुलं असाच माणूस काढतात, आणि तुम्ही "पोट कुठेय, पोट काढ" असं दहा वेळा म्हटल्याने पोट लवकर येत नाही, चित्र काढायचा उत्साह मात्र लवकर जातो. रंगांचंही तेच. जांभळा सूर्य, हिरवा बाबा, हे या वयात चालतं, चालायलाच पाहिजे, रंग खरा असावा असं त्यांना अजून वाटतच नसतं, आवडतो तो रंग ते घेतात.

आणि एक, लिहिण्याची घाई. तिसऱ्या वर्षी 'ए बी सी डी' आणि 'अ आ इ' गिरवून घ्या म्हणणारे पालक दर जूनला येतात. हाताची पकडच तयार नसते हो. मुठीतून बोटात आणि बोटातून नीट तीन बोटांच्या पकडीत यायला ४-५ वर्षांचं व्हावं लागतं, आणि ती पकड माती मळून, कागद फाडून, ब्रश फिरवूनच येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पण ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तिथे खेळ, चित्र, गाणी, बाहुल्या यांच्यातूनच शिकणं अपेक्षित आहे. म्हणजे सरकार पण तेच म्हणतंय, आता तरी ऐका.

एक सोपी युक्ती: नवेकोरे लांब तेलखडू देण्याऐवजी त्यांचे तुकडे करून द्या, बोटाच्या पेराएवढे. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, पोर आपोआप बोटांच्या टोकाने धरतं. दुसरी युक्ती, कागद टेबलवर नको, भिंतीवर चिकटपट्टीने लावा, पोराच्या छातीच्या उंचीवर. उभं राहून काढलं की खांदा आणि मनगट दोन्हीला काम मिळतं.

सामान

यात फार पैसे घालू नका, आणि ऑनलाइन मिळणारे 'आर्ट किट' तर नकोच, त्यात सगळं आधीच ठरवून दिलेलं असतं.

कागद: रद्दी सगळ्यात बेस्ट. वर्तमानपत्रावर जाड ब्रशने रंगवायला काही हरकत नाही. मोठा ब्राऊन पेपर, पाठकोरे कागद, ऑफिसमधले एका बाजूने छापलेले प्रिंट. पेठांमध्ये कुठल्याही छापखान्यात जाऊन मागा, कटिंगच्या रंगीत पट्ट्या फेकायलाच काढलेल्या असतात, गठ्ठा देतात बरेचदा. बाकी खडू, ब्रश, पोस्टर कलर अप्पा बळवंत चौकात, आणि पॅकिंगचं, पुठ्ठ्याचं, सुतळीचं, घाऊक काय हवं असेल तर बोहरी आळी. तिथे गाडी घेऊन जाऊ नका, सांगून ठेवते. चिंध्या टेलरकडे. माती कसब्यातल्या कुंभारवाड्यात, शाडू गणपतीच्या आधी महिनाभर सगळीकडेच मिळते तेव्हा २-४ किलो जास्तीची घेऊन ठेवा, सुकली तरी पाणी घालून परत मळता येते.

रंग सुरुवातीला २-३ पुरे. खरंच. लाल, पिवळा, निळा आणि जमलं तर पांढरा. १२ रंगांचा बॉक्स दिला की पोर फक्त डब्या उघडण्यात रमतं आणि ३ रंग दिले की स्वतः चौथा शोधून काढतं, आणि तो सापडल्यावरचा आरडाओरडा तुम्हाला शेजाऱ्यांपर्यंत जाऊ द्यावा लागतो.

ग्लिटर, थर्माकोलचे गोळे, बारीक मणी, चमकी हे ३ वर्षांखालच्या मुलांजवळ बिलकुल नको, नाकात-तोंडात जातं. साधे डिंक, रंग पण "नॉन टॉक्सिक" लिहिलेलेच घ्या.

घरी करायचे प्रकार तीन, बाकी इन्स्टावर शेकडो आहेत पण हे तीन वर्षभर पुरतात.

कणकेची माती: २ वाट्या मैदा किंवा कणीक, १ वाटी मीठ, १ चमचा तेल आणि पाणी साधारण पाऊण वाटी, लागेल तसं. कणकेला थोडं जास्त लागतं. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट मळा, शक्यतो मळायलाही पोरालाच घ्या. बंद डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. बोटाने चाटलं तर काही होत नाही पण गोळाच्या गोळा खाल्ला तर एवढं मीठ लहान पोटाला बरं नाही, घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासून पण लांब ठेवा, म्हणून मोठं माणूस जवळ पाहिजेच.

बोटांनी रंगवायचा रंग: पाव वाटी कॉर्नफ्लोर थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचं, मग १ वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, खळीसारखं घट्ट झालं की उतरवायचं. गार झालं की वाट्यांमध्ये काढून खायचे रंग घाला. कॉर्नफ्लोर नसेल तर मैद्याची खळ पण चालते, तीच चिकटवायलाही होते.

हळदीचा रंग: हा माझा आवडता. हळद पाण्यात कालवा, कागदावर भरपूर पिवळं फासू द्या. वाळलं की ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर चित्र काढायला सांगा. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. मुलं वेडी होतात. त्यावर लिंबाचा रस टाकला की परत पिवळं. पूर्वी कुंकू हळदीपासून बनायचं ते याच कारणाने, आजीला विचारा, फक्त तिथे चुना किंवा खार वापरायचे, आपण मुलांच्या हातात चुना द्यायचा नाही. कपडे मात्र जुने घाला, हळदीचा डाग आयुष्यभर राहील. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या आसपास टेकड्यांवर पळस फुलतो, खाली पडलेली फुलं गोळा करून उकळली की केशरी रंग मिळतो, तो पण करून बघा, रंगपंचमीला उरला तर तिथे.

तो पाऊण तास

खाली जुनी चादर किंवा सतरंजी, अंगात बाबांचा जुना शर्ट उलटा, म्हणजे बटणं पाठीवर. पाण्याचं भांडं बुटकं आणि जड, स्टीलचा डबा चालतो, प्लास्टिकचा ग्लास दर वेळी लवंडतो. पुसायला फडकं पोराच्याच हाताशी ठेवा, सांडलं की तेच पुसेल. आणि वेळ. १० मिनिटात "चला आवरा आता" असेल तर रंग काढूच नका, त्या दिवशी खडू द्या. रंगाला ४०-४५ मिनिटं धरून चाला, त्यातली पहिली पंधरा फक्त ब्रश बुडवणं आणि काढणं यात जातात आणि तेही कामच आहे.

आता तुम्ही काय करायचं? बसायचं. जवळच. मोबाईल लांब.

एक सांगते. वर्गात एक पोरगा, साडेचारचा, शांतपणे चित्र काढत होता. आधी राखाडी रस्ता. मग लाल बस, तिला बऱ्यापैकी चौकोनी खिडक्या, खिडक्यांत डोकी. बाजूला डोंगर. इतकं छान जमलं होतं की मला वाटलं आता हे काढून घ्यावं. आणि मग त्याने काळा रंग घेतला आणि डावीकडून सुरुवात करून अख्खं पान काळं केलं, बस गेली, डोकी गेली, डोंगर गेला, एक कोपरा सोडला नाही. आई घ्यायला आली, कागद बघून म्हणाली, "अरे, काय घाण केलीस ही?" तर हा म्हणतो, "अगं, कात्रजचा बोगदा आला ना!"

आता ते पान फक्त भिंतीवर बघितलं असतं तर काळा कागद. पण त्याच्या डोक्यात अख्खा प्रवास झाला होता, आत्याकडे साताऱ्याला जायचा. मुलांचं चित्र म्हणजे पुष्कळदा घडत असलेली गोष्ट असते, शेवटी कागदावर जे उरतं ते त्या गोष्टीचं शेपूट. म्हणून चांगलं दिसायला लागल्यावर कागद ओढून घेऊ नका. बघत बसा. आणि झाल्यावर पोर जे बोलेल ते त्याच्याच शब्दात, पेन्सिलीने, कागदाच्या मागे लिहा, तारीख टाका. त्या काळ्या पानामागे मी लिहिलं, "बोगदा आला. बाबा हॉर्न वाजवतात."

काय बोलायचं याचाही प्रश्न पडतो. "हे काय आहे?" असं विचारलं की ज्याने नुसतंच फिरवलंय त्याला उगाच काहीतरी नाव द्यावं लागतं, मग तो म्हणतो "डायनोसॉर", कारण डायनोसॉर म्हटलं की मोठी माणसं गप्प बसतात. आणि "वा वा, किती छान, सुपर!" हे सारखं सारखं म्हटलं की त्याला काही किंमत राहत नाही, पोर चित्रापेक्षा तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. त्यापेक्षा जे दिसतंय ते बोला. "इथे किती जोरात दाबलंयस, कागद पलीकडून पण वर आलाय." "सगळे ठिपके एकाच कोपऱ्यात बसलेत." "मला सांग की यातलं काहीतरी." किंवा काहीच बोलू नका, "हं" पुरतं.

"ताई, हत्ती काढून दे ना." हे रोजचं. काढून दिलात की संपलं, पुढचा महिनाभर तुम्हीच हत्ती काढताय, आणि पोराला पक्कं कळलं की खरा हत्ती तुमचा, त्याचा तो खोटा. मग काय करायचं? उठवा त्याला. "चल, आपण हत्ती होऊ. सोंड कुठून निघते? हात नाकाला लाव. गणपतीची सोंड बघितलीयस ना, कुठे वळते? पाय कसे टाकतो, धप्प धप्प?" एक फेरी मारून या आणि मग म्हणा, आता यातलं तुला काय काढायचंय पहिल्यांदा? बहुतेक वेळा नुसती सोंड येते, पानभर. येऊ दे. त्याला हत्तीचं तेच महत्त्वाचं वाटलं.

बक्षिसांबद्दल थोडं कडक बोलते. पुण्यात चित्रकला स्पर्धांना तोटा नाही, ३ वर्षांच्या मुलांचाही 'गट अ' असतो, आया बाहेरून "आकाश राहिलं, आकाश" असं ओरडत असतात आणि शेवटी सगळ्यांना मेडल. १९७३ मध्ये अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या नर्सरीत एक प्रयोग केला, ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांच्यातल्या काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, आणि दिलं पण. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर हीच मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम होतं, त्याची मजुरी दिल्यावर आवड कमी झाली. न सांगता अचानक दिलं त्यांचं तसं काही झालं नाही. त्यामुळे पोराला मजा वाटत असेल तर कधी न्या स्पर्धेला, पण "नंबर आला तर सायकल" वगैरे करू नका.

किल्ला

आपल्याकडे पुण्यात मुलांचा सगळ्यात मोठा कलाप्रकार फुकट उपलब्ध आहे आणि तो आपण विकत घ्यायला लागलोय, याचं मला फार वाईट वाटतं. दिवाळीचा किल्ला. आता प्लास्टरचे रेडीमेड किल्ले मिळतात रस्त्याच्या कडेला, आणायचा, मावळे ठेवायचे, फोटो, झालं. अहो, मग पोराने केलं काय?

४-५ वर्षांची मुलं किल्ला करू शकतात, फक्त तो त्यांचाच असला पाहिजे, दादालोकांच्या किल्ल्यावर त्यांना नुसतं पाणी आणायला लावलं जातं. सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा झाडाखाली दोन बाय तीन फूट जागा मागून घ्या, चेअरमनना आधी विचारा, नंतर विचारलं की मीटिंग लागते. फ्लॅटच्या बाल्कनीत मोठ्या ट्रेमध्ये पण होतो.

वसुबारसेच्या आठवडाभर आधी सुरू करा. पहिल्या दिवशी नुसतं दगड, विटांचे तुकडे, डबे रचणं. इथे मोठ्यांनी बघायचं एवढंच की काही अंगावर पडत नाहीये. मग त्यावर जुनं पोतं ओलं करून पसरायचं आणि चिखल थापायचा, हे दोन दिवस चालतं कारण पोरं चिखलातून बाहेरच येत नाहीत. चिखल किती घट्ट हवा ते सांगू नका, पातळ झाला की घसरतो, त्यांनाच कळतं, मग माती घालतात. पायऱ्या, बुरूज, तळं, गुहा, कुठे काय ते त्यांनी ठरवायचं. वाळायला लागला की अळीव किंवा मोहरी पेरा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, हातानेच, झारीच्या धारेने बी वाहून जातं, ४-५ दिवसात हिरवं दिसायला लागतं. मावळे विकतचे चालतील, तुळशीबागेजवळ, कुंभारवाड्यात ढिगाने असतात, पण निदान पाच-सहा शाडूचे स्वतः करू द्या, ते कशासारखेही दिसोत.

आमच्या इथल्या एका किल्ल्यावर मुलांनी महाराजांच्या सिंहासनाशेजारी काडेपेटीची लिफ्ट लावली होती, कारण एवढं चढून आजीचे गुडघे दुखतील. आणि खाली गेस्ट पार्किंग. कुणा काकांनी "इतिहासात असं नव्हतं" म्हणून सांगायला सुरुवात केली, त्यांना आम्ही फराळाला बसवलं. इतिहास पुढे शाळेत शिकतील ती. या वयात किल्ल्याला लिफ्ट लागते हे सुचणं म्हणजेच तुम्ही ज्याचे क्लास शोधताय ते.

गाणं आणि नाच

इथे थोडक्यात सांगते कारण मुलं हे आपणहून करतात, आपण फक्त मध्ये यायचं नाही. पातेली, डबे, उलथणी द्या. गणपतीत ढोल-ताशा ऐकून आलेलं पोर दुसऱ्या दिवशी डबा बडवतं तेव्हा त्याला खेळ द्या, एकदम हळू, आता मुंगीएवढा आवाज, आता ढोलाएवढा, आता थांब! थांबणं सगळ्यात कठीण. ढोल-ताशा पथकाच्या अगदी जवळ मात्र लहान मुलांना उभं करू नका, कानाला खरंच त्रास होतो.

भोंडला घ्या नवरात्रात, मुलगे-मुली दोघांना. पाटावरचा हत्ती मुलांनाच काढू द्या, आणि खिरापत ओळखायचा खेळ तर काय सुंदर आहे, डबा हलवून, वास घेऊन, गोड का तिखट विचारत विचारत. तोच वर्षभर खेळा, डब्यात काहीही घाला, चिंचोके, चावी, कापूस, आणि आवाजावरून ओळखा. गाण्यांची कडवी मुलांना वाढवू द्या, आज डब्यात काय होतं, बस कुठे अडकली, कुणाचा दात पडला, यमक जुळलं नाही तरी चालतं.

गॅदरिंगबद्दल मी फार बोलत नाही, बीपी वाढतं. भाड्याचा टोचणारा ड्रेस, कर्कश्श स्पीकर, समोर अंधार, आणि स्टेजवर ३ वर्षांचं पोर रडतंय, खालून ताई हातवारे करतेय. त्याऐवजी एखाद्या शनिवारी वर्गातच "या बघायला" करा, पालक खाली सतरंजीवर, मुलं रोज करतात तेच करतील. ज्याला नाही करायचं तो आईच्या मांडीवर.

नाटक म्हणजे पीएमटी

नाटक शिकवायचं नसतं, खोकं भरून ठेवायचं असतं. एका मोठ्या खोक्यात ओढण्या, जुना चष्मा काच काढून, बंद पडलेला मोबाईल, पर्स, टोपी, शिट्टी, लाकडी भातुकली. प्लास्टिकच्या तयार डॉक्टर सेटपेक्षा ओढणी जास्त चालते, कारण ओढणीची साडी होते, नदी होते, छत होतं, बाळ होतं.

आमच्या वर्गात सगळ्यात जास्त चालणारं नाटक म्हणजे पुण्याची सिटी बस. नाव पीएमपीएमएल झालं कधीच पण पोरं पण पीएमटीच म्हणतात, घरातून ऐकून. खुर्च्या एकामागे एक, पुढे ड्रायव्हर, तो हातात ताटली फिरवतोय. कंडक्टरला तिकिटं लागतात म्हणून मुलांनी कागद फाडून, रेघा मारून गठ्ठा केला, बघा, इथे चित्रकला झाली, हस्तकला झाली, आणि "पाच रुपये सुट्टे द्या" म्हणताना गणित पण. एक मुलगी रोज स्वारगेटला चढायची आणि उतरायचीच नाही. मी विचारलं, "काय गं, कुठे जायचंय तुला?" म्हणाली, "मला खिडकी मिळालीये." नाटकात शिरायचं असेल तर असं प्रवासी म्हणून शिरा, दिग्दर्शक म्हणून नको. "आता तू असं म्हण" हे वाक्य निघालं की खेळ मोडला.

लाइट गेले की पांढरी चादर, टॉर्च आणि पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ कधीपासून करतात, त्याचे व्हिडिओ आधी दाखवलेत तर मुलं जास्त धीट होतात. गोष्ट सांगताना अर्ध्यावर थांबा, "मग काय झालं असेल?" आणि येईल ते घ्या, राक्षसाला पिझ्झा दिला तर दिला. मोठ्या मुलांसाठी, म्हणजे ६-७ च्या पुढे, पुण्यात ग्रिप्सची नाटकं आहेत, डॉ. मोहन आगाशेंमुळे ऐंशीच्या दशकात बर्लिनहून इथे आलेली चळवळ, त्यात मोठी माणसंच मुलांची कामं करतात आणि प्रश्न मुलांचे खरे असतात. लहानग्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही, तिकीट काढायच्या आधी विचार करा.

बाहेर न्यायचं तर केळकर संग्रहालय. पण अख्खं बघू नका! बाजीराव रोडला गाडी लावण्यातच निम्मा उत्साह संपलेला असतो. एकच खोली ठरवा, वाद्यं किंवा दिवे, एक दिवा आवडला की त्याच्यासमोर खाली बसून कागदावर काढू द्या आणि मग घरी.

२५ मुलं आणि एक ताई

हे ताईलोकांसाठी. सगळ्यांना एकाच वेळी रंग दिले तर वेड लागेल, बरोबर आहे. म्हणून चार कोपरे करा: एकात रंग, तिथे फक्त ६ जण, ६ शर्ट खुंटीला, शर्ट नाही म्हणजे जागा नाही, रांग लावायला लागत नाही. दुसऱ्यात माती, तिसऱ्यात ठोकळे-भातुकली, चौथ्यात पुस्तकं. मुलं फिरत राहतात. दोन बादल्या, एक साबणाची, एक साधी, आणि हात पुसायला जुना टॉवेल. भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा रंगवून घेता आला तर फार मोठं काम होतं, खडू द्या आणि सोडून द्या.

बजेट नाही हे मला सांगू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बिया, पानं, शंख-शिंपले, काड्या यांच्यातून साधनं उभी केली आणि अंगणात, कुरणात शाळा नेली. आणि अरविंद गुप्ता, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची कचऱ्यातून खेळणी करायची माहिती मराठीतही त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे. बिया, काडेपेट्या, स्ट्रॉ, झाकणं. पालकांना व्हॉट्सॲपवर सांगा की दर सोमवारी एक-एक पिशवी स्वच्छ कचरा पाठवा, इतका येतो की थांबवावं लागतं.

नेहमीचे प्रश्न, फटाफट

हात घाण झालेलं आवडत नाही: जबरदस्ती नको. काही मुलांना चिकट अजिबात सहन होत नाही. लांब दांड्याचा ब्रश द्या, चमचा द्या, झिपलॉक पिशवीत रंग भरून वरून दाबू द्या. काही महिन्यात बोट जातं आत.

कलरिंग बुक: कधीतरी, प्रवासात, डॉक्टरकडे बसल्यावर. रोजचं नको.

मोबाईलवरचं चित्राचं ॲप: कागदाला खरखर असते, रंगाला वास असतो, सांडतं, वाळतं. काचेवर यातलं काही नाही. सहाच्या आत गरज नाही.

भिंती खराब करतो: एक भिंत त्याची, बाकीच्या तुमच्या. भाड्याचं घर असेल तर ब्राऊन पेपरचा रोल लावा, मालकाशी भांडण नको.

इतके कागद साठलेत त्यांचं काय करू: सुतळीला चिमटे लावून पोराच्या उंचीवर टांगा, ५-६ मावतात, नवीन आलं की कुठलं काढायचं ते त्याला विचारा. महिन्यातून दोन जपून ठेवा, बाकीचे फोटो काढून त्याच्या नकळत रद्दीत. मागच्या बाजूला त्याचं बोलणं लिहिलं असेल तर ते मात्र फेकू नका.

क्लास लावू का: पाचच्या आत मी तरी नाही म्हणेन. लावायचाच असेल तर जाऊन भिंत बघा. सगळी चित्रं एकसारखी असतील तर परत फिरा. शिकवणारे स्वतःच्या हाताने मुलांच्या कागदावर दुरुस्ती करतात का बघा, एक तास बसू देतात का विचारा, आणि वर्षाची फी एकदम भरू नका.